दमणचें जहाज तेजो नदीच्या कांठीं

ज्युबिलीच्या पुस्तकांत जहाजाची हकीकत कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांचा इतिहास कोठूनहि उघडा, पहिल्या चार ओळींत जहाज येतेंच. जहाजांतून धर्मगुरु आले, जहाजांतून मूर्ति व घंटा आल्या; जहाजांतूनच शिपाई आले आणि सारा वसूल करणारे अंमलदारहि आले. ह्या सर्व कथनांत आपण केवळ किनाऱ्यावर उभे राहून येणाराची वाट पाहणारे. जहाज नेहमीं दुसऱ्याचें. ह्या समजुतीस धक्का देणारें एक जहाज आम्हीं स्वतः पाहिलें, व त्याची हकीकत आपल्या लोकांस ठाऊक असावी, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

कांहीं वर्षांमागें फातिमाच्या यात्रेहून परततांना आम्हांस लिस्बन शहरीं दोन दिवस मुक्काम करावा लागला. तें शहर तेजो नदीच्या मुखाशीं वसलें आहे. नदी नांवाची, रुंदीनें आपल्या खाड्यांनाहि मागें टाकील अशी. पहिला दिवस आम्हीं बेलें ह्या भागांतील नाविक पदार्थसंग्रहालयांत घालविला. बेलें म्हणजे बेथलेहेमच. तें नांव पोर्तुगीज जिभेवर असें झिजलें आहे. येथल्याच किनाऱ्यावरून ता. ८ जुलै १४९७ रोजीं वास्को द गामा हिंदुस्थानाकडे निघाला. निघण्यापूर्वींची रात्र त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तेथील लहानशा देवळांत प्रार्थनेंत काढिली, असें इतिहासकार सांगतात. पुढें त्या जागीं मानुएल राजानें संत जेरोमच्या संन्याशांसाठीं भव्य मठ उभारिला. त्याचा खर्च मुख्यत्वें मिरीमसाल्याच्या व्यापारावरील करांतून भागविण्यांत आला. मलबारच्या मिरवेलींनीं लिस्बनमध्यें मठ बांधिला म्हटलें तरी चालेल. ह्याच मठाच्या पश्चिम अंगास १९६२ सालापासून हें संग्रहालय आहे.

आंत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. नकाशे, जहाजांच्या प्रतिकृति, ताऱ्यांची व सूर्याची उंची मोजण्याचीं पितळी यंत्रें, राजघराण्याची सोन्यानें मढविलेली नौका. ह्या नौकेपाशीं प्रवाशांची मोठी गर्दी होती. तिच्याविषयीं लिहिण्याजोगें आम्हांस कांहीं सुचलें नाहीं. आम्ही थांबलों तें एका लांकडी मूर्तीपुढें. ती राफाएल देवदूताची मूर्ति आहे. जो तोबियासचा वाटाड्या झाला, व ज्यास आपण प्रवाशांचा कैवारी मानतों, तोच राफाएल. ही मूर्ति गामाच्या तांड्यांतील 'साव राफाएल' नांवाच्या जहाजावर होती. त्या जहाजाचा कप्तान गामाचा भाऊ पावलो. परतीच्या वाटेवर रोगानें इतके खलाशी दगावले कीं, तीन जहाजें हांकण्यास माणसें पुरेनात. तेव्हां १४९९ सालीं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोंबासाच्या बाजूस, 'साव राफाएल' स्वहस्तें जाळून टाकावें लागलें. मूर्ति मात्र उतरवून घेतली. पावलो द गामा घर दिसण्यापूर्वींच आझोर बेटांवर वारला. सुमारें १७० माणसें निघालीं होतीं. त्यांपैकीं एक तृतीयांशच परत आलीं. मूर्ति परत आली ती आजतागाईत आहे.

ती मूर्ति पाहून आमच्या मनांत आदर उत्पन्न झाला, हें सांगावयास नकोच. तरी त्या दालनांतून बाहेर पडतांना एक गोष्ट मनास लागून राहिली. तेथें हिंदुस्थान पदोपदीं आहे. नकाशावर आहे, चित्रांत आहे, व्हाइसरॉयांच्या नांवांत आहे. पण हिंदुस्थानचा माणूस क्वचित् दृष्टीस पडतो. दोष कोणास द्यावयाचा? घरांतील भिंतीवर माणूस आपल्याच आजोबांची तसबीर लावितो.

संग्रहालयाच्या तिकिटाच्या खिडकीपाशीं एका जुन्या फ्रिगेट जहाजाचें चित्र होतें. त्याखालीं 'दमण' हा शब्द वाचून आम्ही चपापलों. चौकशी करितां कळलें कीं, तें जहाज ह्याच संग्रहालयाच्या देखरेखीखालीं नदीच्या पलीकडील तीरावर, कासिल्यास नांवाच्या धक्क्याजवळ, जुन्या गोदींत ठेविलें आहे. दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं उतारूंची आगबोट धरिली. दहापंधरा मिनिटांचा तर प्रवास. धक्क्यावर उतरतांच तीन उंच डोलकाठ्या दिसल्या, आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचें तें जहाज त्यांच्याखालीं.

जहाजाचें पुरें नांव 'दोम फेर्नांदो दुसरा आणि ग्लोरिया' असें लांबलचक आहे. दुसरी मारिया ही त्या काळीं पोर्तुगालची राणी. तिचें बाप्तिस्म्याचें नांव मारिया द ग्लोरिया, व फेर्नांदो हा तिचा नवरा. राजदंपतीस खूष करण्यासाठीं हें नांव दिलें, हें उघडच आहे. पण 'ग्लोरिया' ह्यांत आणखीहि एक अर्थ भरलेला आहे. गोंव्याच्या लोकांची गौरवाच्या मातेवर विशेष भक्ति, म्हणून जहाज तिच्या आश्रयाखालीं ठेविलें, असें पोर्तुगीज लेखक लिहितात. भायखळ्याचें ग्लोरिया चर्च ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही भक्ति निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं. एकाच शब्दांत राणीची खुशामत व मातेची प्रार्थना अशीं दोन कामें साधणारा तो जो कोणी कारकून असेल, तो मोठा हुशार खरा!

आतां हें जहाज दमणास कां बांधलें गेलें, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. आणि येथें आपल्या मराठी इतिहासाचा धागा असा विलक्षण रीतीनें येऊन मिळतो कीं, कादंबरीकारानें तो रचिला असता तर आपण त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. साष्टी, वसई व लौकरच चौल हीं ठाणीं पोर्तुगीजांच्या हातून गेलीं, व उत्तरेस त्यांच्यापाशीं दमण आणि दीव एवढेंच उरलें. पुढें १७७२ सालीं मराठ्यांच्या आरमारानें पोर्तुगीजांचें 'सांताना' नांवाचें एक फ्रिगेट पकडलें. त्या वेळीं उभय पक्षीं उघड युद्ध नव्हतें, म्हणून भरपाईची मागणी झाली. ता. १७ डिसेंबर १७७९ रोजीं पुण्याच्या दरबाराशीं मैत्रीचा तह ठरला. गादीवर सवाई माधवराव हे पांच वर्षांचे बाळ, कारभार नाना फडणीसांच्या हातीं, व इंग्रजांशीं युद्ध चालू. ह्या तहान्वयें १२,००० रुपये उत्पन्नाचीं गांवें पोर्तुगीजांस द्यावयाचीं होतीं, आणि त्याप्रमाणें १७८३ सालीं नगर हवेलीचा मुलूख त्यांच्या ताब्यांत गेला.

तो मुलूख म्हणजे दमणगंगेच्या खोऱ्यांतील सागाचें रान. नदी सह्याद्रींत उगम पावून ह्याच रानांतून वाहत दमणास समुद्रास मिळते. पुण्याच्या दरबारानें एका फ्रिगेटाच्या भरपाईदाखल रान दिलें, आणि साठ वर्षांनीं त्याच रानांतून नवें फ्रिगेट निघालें. नानांसारख्या धोरणी मुत्सद्द्याच्या हें ध्यानांत आलें नसेल असें नाहीं. परंतु संकटाच्या वेळीं माणूस दूरचें झाड देऊन जवळचें घर वांचवितो.

जहाजाचें काम पुष्कळ वर्षें रेंगाळलें. मध्यंतरीं १८२८ ते १८३४ पर्यंत पोर्तुगालांतच दोम पेद्रो व दोम मिगेल ह्या सख्ख्या भावांमध्यें गादीसाठीं लढाई जुंपली होती. अखेर ता. २२ ऑक्टोबर १८४३ रोजीं जहाज दमणच्या पाण्यांत उतरलें. तेथून तें गोंव्यास नेऊन डोलकाठ्या व शिडें चढविण्यांत आलीं. ता. २ फेब्रुवारी १८४५ रोजीं गोंवा सोडून तें ४ जुलै रोजीं लिस्बनास पोंचलें. म्हणजे पांच महिन्यांची सफर. हिंदुस्थान ते पोर्तुगाल ह्या शिडाच्या जहाजांच्या फेऱ्या गामाच्या मागून सुरू होऊन तीनशेंहून अधिक वर्षें चालू होत्या. त्या फेरीसाठीं बांधिलेलें हें शेवटलें जहाज. पुढें आगबोटी आल्या, १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला, आणि आफ्रिकेस वळसा घालण्याची ती जुनी वाट ओस पडली.

साग कां, हेंहि सांगितलें पाहिजे. युरोपांत जहाजें ओक लांकडाचीं करीत. ओक बळकट खरा, पण त्यांतील आम्लामुळें लोखंडी खिळे व बोल्ट गंजतात. शिवाय समुद्रांत लांकूड पोखरणारा एक किडा असतो, तो अशा लांकडाची थोड्याच वर्षांत चाळण करितो. सागांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें खिळ्यास गंज लवकर चढत नाहीं, किड्यास तें लांकूड मानवत नाहीं, व उन्हापाण्यानें तें सहसा तडकत नाहीं. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यास व सुताराला हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. युरोपच्या आरमारांस तें अनुभवानें शिकावें लागलें. इंग्रजांनींहि ह्याच कारणास्तव मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याकडून लढाऊ जहाजें बांधून घेतलीं. त्यांपैकीं 'त्रिंकोमाली' नांवाचें फ्रिगेट ता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईस पाण्यांत उतरलें, व इंग्लंडांतील हार्टलपूल येथें संग्रहालयाच्या रूपानें तें अद्याप तरंगत आहे. आपल्या किनाऱ्यावरचीं दोन सागवानी जहाजें अशीं युरोपच्या दोन बंदरांत जतन होऊन राहिलीं आहेत. आपल्या शाळांच्या पुस्तकांत मात्र त्यांचा उल्लेख आमच्या पाहण्यांत नाहीं.

बांधणाऱ्यांविषयीं काय? देखरेखीस जिल जुझे द कोंसेसांव नांवाचा पोर्तुगीज नौकाशिल्पी होता. त्याच्या हाताखालीं, किंवा खरें म्हणजे त्याच्या जोडीस, एक देशी मिस्त्री होता. त्याचें नांव पोर्तुगीज कागदांत 'यादो सेमोजी' असें येतें, व त्यास 'मूर' म्हटलें आहे. 'मूर' म्हणजे पोर्तुगीजांच्या बोलींत मुसलमान. हें नांव परक्या कानांतून शिरून परक्या लेखणींतून उतरलेलें आहे, हें कोणासहि कळेल. त्याच्या आईनें त्यास कोणत्या नांवानें हांक मारिली असेल, तें त्या लेखणीस पकडतां आलें नाहीं. तरी एवढें तरी नांव राहिलें. बाकीच्या सुतारांचीं, लोहारांचीं, दोर वळणाऱ्यांचीं, रानांत कुऱ्हाड चालविणाऱ्या वारली-धोडिया लोकांचीं नांवें आम्हांस कोठेंहि वाचावयास मिळालीं नाहींत. ज्या जहाजाच्या नाळेवर राजाराणीचें नांव, त्याचा कणा, फासळ्या व फळ्या ह्या अनामिक हातांच्या आहेत.

जहाजावर चढल्यावर आम्हीं प्रथम तोफांचा मजला पाहिला. एकंदर ५० तोफांचें हें जहाज; २८ खालच्या मजल्यावर व २२ वरच्यावर. छत इतकें ठेंगणें कीं, आमच्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसानेंहि मान वांकवून चालावें. ठिकठिकाणीं मेणासारखे पुतळे खलाशांच्या वेषांत बसविले आहेत. कोणी तोफेपाशीं, कोणी जेवणावर. अशा सांपटींत शेंकडों माणसें महिनेच्या महिने राहत; त्यांत सरकारी अधिकारी व शिपाई असत, आणि हद्दपारीची शिक्षा झालेले कैदीहि असत. हें आम्हीं मुद्दाम लिहितों. दमणच्या मिस्त्रीनें उत्तम जहाज बांधिलें. त्या जहाजानें पुढें अंगोला व मोझांबिक येथें पोर्तुगीजांचा अंमल बसविण्यास शिपाई नेले, व अभागी कैद्यांस परमुलखीं नेऊन सोडिलें. कारागिराच्या हाताला यश होतें. त्या कामाचा उपयोग कोणत्या हेतूनें व्हावा, हें ठरविण्याचा अधिकार त्यास नव्हता. ह्याहून पूर्वींच्या शतकांत ह्याच मार्गावरच्या जहाजांनीं गुलामांचा व्यापार केला, व ती गोष्ट ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनीं केली, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

१८६५ सालापासून जहाज आरमाराच्या तोफखान्याची शाळा झालें. १८७८ सालीं त्याची समुद्रावरील शेवटची सफर झाली. त्या सफरींत आझोर बेटांजवळ एका अमेरिकन जहाजास आग लागली असतां त्यावरील खलाशांस ह्यानें वांचविलें. त्यानंतर नांगर जो पडला तो पडलाच. १९४० च्या सुमारास तें आरमाराच्या कोणत्याहि कामाचें राहिलें नाहीं, तेव्हां गरीब मुलांस आश्रय देऊन खलाशाचें काम शिकविणारी एक संस्था त्यावर चालूं लागली. आमच्या मतें ह्या जहाजाच्या आयुष्यांतील हें सर्वांत चांगलें पर्व होय. पन्नास तोफांनीं जें साधलें नाहीं तें अनाथ मुलांच्या पाठशाळेनें साधलें. सागाच्या त्या पोटांत कित्येक पोरांस दोन वेळचें अन्न व हातास धंदा मिळाला. मौज अशी कीं, इंग्लंडांतील 'त्रिंकोमाली'च्या नशिबींहि उतारवयांत मुलांची शाळा होणेंच आलें.

ता. ३ एप्रिल १९६३ रोजीं दुरुस्तीचें काम चालू असतां जहाजास आग लागली. वरचा बराचसा भाग जळून गेला. उरलेला सांगाडा ओढून नेऊन नदीच्या रुंद पात्रांत चिखलावर टाकिला. त्या पात्रास तेथील लोक 'गवताचा समुद्र' म्हणतात. सव्वा वर्षापूर्वींच, ता. १९ डिसेंबर १९६१ रोजीं, दमण हिंदुस्थानांत आलें होतें. नगर हवेली तर त्याहि आधीं, १९५४ सालीं, स्वयंसेवकांनीं मुक्त केली होती, व त्या स्वयंसेवकांत आपले गायक सुधीर फडके हेहि होते. म्हणजे जहाज जळालें तेव्हां तें ज्या गांवीं जन्मलें तो गांव, व ज्या रानांत वाढलें तें रान, दोन्हीं पोर्तुगालचीं राहिलीं नव्हतीं. पोर्तुगालास त्या जळक्या लांकडांची आठवण नको झाली असेल, तर त्यांत नवल नाहीं.

एकोणतीस वर्षें तो सांगाडा चिखलांत पडून होता. दर भरतीस पाणी त्यावरून जाई, दर ओहोटीस फासळ्या उघड्या पडत. दुसरें कोणतें लांकूड असतें तर कुजून गाळांत मिळून गेलें असतें. १९९२ सालीं आरमारानें तो उचलला, व काय आश्चर्य, पाण्याखालचा भाग पुन्हां तरंगविण्याइतका शाबूत निघाला! डागडुजीस पांचसहा वर्षें लागलीं. १९९८ सालीं लिस्बनमध्यें भरलेल्या जागतिक प्रदर्शनांत, गामाच्या सफरीस ५०० वर्षें पुरीं झालीं त्या वर्षीं, जहाज नव्या शिडांनिशीं लोकांसमोर आलें. १८५० च्या सुमारास तें जसें होतें तसें करण्याचा प्रयत्न आहे.

अर्थात् आज जें दिसतें त्यांतील वरचे मजले नव्या लांकडाचे आहेत, हें समजून असावें. आमच्या सोबतच्या एका यात्रेकरूनें विचारिलेंहि कीं, मग हें दमणचें जहाज कसलें? शंका जुनी आहे. आम्हीं सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकतांना ग्रीक लोकांच्या थेसेउसाच्या गलबतावरून हाच वाद घातला होता, व गुरुजींनीं घंटा झाली म्हणून तो अर्धाच सोडिला होता. आम्हीं त्या गृहस्थांस एवढेंच म्हटलें कीं, आपल्या जुन्या चर्चचीं कौलें किती वेळां बदललीं, दरवाजे बदलले, वेदीहि बदलली. तरी आपण ज्युबिली कोणाची करितों? ते हंसले. चर्चच्या मधल्या लांब भागास लॅटिन भाषेंत 'नाविस', म्हणजे नौकाच, म्हणतात, हें त्यांस ठाऊक नव्हतें. तेंहि सांगून टाकिलें. असो.

बेलेंची मूर्ति व कासिल्यासचें जहाज हीं आम्हांस एकमेकांसमोर ठेवून पाहावींशीं वाटतात. दोहोंच्यामध्यें केवळ एक नदी. अलीकडे तिकडून इकडे आलेल्याची साक्ष आहे. जहाज जळालें व देवदूत राहिला. पलीकडे इकडून तिकडे गेलेल्याची साक्ष. तेथेंहि आग लागली, आणि राहिला तो नगर हवेलीचा साग. आपल्या पूर्वजांस त्या व्यवहारांत श्रद्धा मिळाली, तिचें मोल आपण जाणतोंच. पण ते रिकाम्या हातीं नव्हते. त्यांच्यापाशीं विद्या होती, रान होतें, लांकडाची पारख होती, आणि समुद्राच्या पलीकडच्यांनीं ती मागून घेतली. आपल्या समाजांतील मुलें जेव्हां विचारतात कीं, आम्हीं जगाला काय दिलें, तेव्हां त्यांस सांगण्यास ही एक गोष्ट आहे. ती सर्वस्वीं ख्रिस्ती माणसांची नाहीं, हें तिच्यांतील विशेष. मुसलमान मिस्त्री, आदिवासी लांकूडतोडे, बहुधा हिंदु व ख्रिस्ती सुतार, आणि वर मरीयेचें नांव.

फातिमास जाणारे आपले यात्रेकरू बहुधा लिस्बनमध्यें एखादा दुपारचा वेळ दुकानें पाहण्यांत घालवितात. त्यांनीं काइस द सोद्रे नांवाच्या धक्क्यावरून कासिल्यासची बोट धरावी. जहाजाशेजारींच एक जुनी पाणबुडी ठेविली आहे, मुलें प्रथम तिकडे धांवतात. त्यांस धांवूं द्यावें. जिना उंच व अरुंद आहे, वृद्धांनीं कठड्यास धरून उतरावें. आणि फलकावर 'दमण' हा शब्द आला कीं सोबतच्या मंडळीस तो मोठ्यानें वाचून दाखवावा.